लेकराची आणेवारी

भोगीच्या दुपारी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा विरघळत असताना, उपासमारीसारख्या विषयावर वाद रंगावा हे औचित्याला धरून नव्हते. परंतु औचित्य सांभाळण्याचे वय आमच्या अण्णामामांनीही ओलांडले आहे आणि त्यांच्या शेजारच्या बाईंनीही. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहिले होते, सिद्धेश्वराच्या यात्रेचे बेत घरोघर चालले होते, आणि सोलापूर त्या दिवशी जेवून तृप्त झालेल्या गृहस्थासारखे सुस्तावले होते.

अण्णांची उभी हयात महसूल खात्यात गेली. तलाठ्याच्या दप्तरापासून नायब तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंतचा त्यांचा प्रवास सांगोला, मंगळवेढा, करमाळा अशा तालुक्यांतून झाला, जेथे पाऊस हा पाहुणा असतो आणि टंचाई ही घरची असते. पिकाची आणेवारी काढणे, तगाईच्या याद्या करणे, रोजगार हमीचे हजेरीपट तपासणे यांत केस पिकलेला हा माणूस कोणत्याही दुःखाकडे प्रथम ‘याची नोंद कोणत्या रकान्यात?’ अशाच नजरेने पाहतो. बाईंची नोकरी शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत झाली. तेथील मुले घरी तेलुगू व शाळेत मराठी बोलत. त्यांचे बाप मागावर आणि आया विडीच्या सुपासमोर बसलेल्या. बाई मुलाकडे पाहतात त्या प्रथम त्याच्या मनगटाकडे.

वादाचे निमित्त अगदीच किरकोळ होते. अण्णांकडे भांडी घासायला येणाऱ्या अक्काची सव्वातीन वर्षांची मुलगी, जिला सारे घर ‘चिन्नी’ म्हणते, ओसरीच्या पायरीवर बसून बशीतल्या चहात खारी बुडवून खात होती. अण्णा तिला रोज खारी देतात, ती त्यांना ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणते, आणि या व्यवहारात दोन्ही पक्ष संतुष्ट असतात. बाईंनी मात्र त्या बशीकडे पाहून नुसता सुस्कारा टाकला.

अण्णा : बाई, या लेकराच्या हातातली खारीसुद्धा तुमच्या डोळ्यांत खुपते काय?

बाई : खारी नव्हे, अण्णासाहेब, चहा खुपतो. चहाने भूक मरते आणि गरज तशीच राहते. ज्या जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात नाहीत, त्या जिल्ह्यातले लेकरू दुपारच्या जेवणाऐवजी साखरेचे पाणी पिऊन गप्प बसते, याला तुम्ही तृप्ती म्हणता. मी भुकेचे मौन म्हणते.

अण्णा : शब्द सुंदर आहेत, परंतु शब्दांनी वस्तुस्थिती झाकली जात नाही. 1975 साली अंगणवाड्या निघाल्या. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न दिलेच पाहिजे असा हुकूम केला. 2013 साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला, आणि 2023 पासून तर त्या कायद्याखालचे धान्य फुकट आहे. माणशी पाच किलो, मग ते माणूस पाळण्यातले का असेना. सरकारने याहून अधिक काय करावे? घास उचलून तोंडात घालावा?

बाई : पाच किलोंना तीस दिवसांनी भागा.

अण्णा : दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर.

बाई : आतच, एकशे सहासष्ट. 1877 च्या दुष्काळात इंग्रज अंमलदार सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी पुरे, असे ठरविले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यावर हरकत घेतली. तो पौंड साडेचारशे ग्रॅमचा होता.

अण्णा : ही तुलना न्याय्य नाही. तेव्हा त्या माणसाजवळ दुसरे काहीच नव्हते. आजचे धान्य हे घरच्या कमाईला पूरक आहे.

बाई : मान्य. पण त्या पाच किलोंत डाळ नाही, तेल नाही, दूध नाही. भात आणि पोळी यांनी पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून तर देशाच्या उत्पन्नाचा एवढा मोठा वाटा उचलणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात, 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पाच वर्षांखालील शंभरांतील पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि सव्वीसांच्या घरात मुले उंचीच्या मानाने हडकुळी. हे दुसरे प्रमाण साऱ्या देशाच्या सरासरीहून अधिक आहे. देशाचे 19.3, आपले 25.6, आणि त्याआधीच्या पाहणीतही आपले 25.6 च होते. मधल्या काळात राज्याची श्रीमंती वाढली. मुलांच्या अंगावर गुंजभर मांस चढले नाही.

अण्णा क्षणभर थबकले. आकड्यांचा ते आदर करतात. परंतु आकड्यांनी हार मानणे हा त्यांचा स्वभाव नाही.

अण्णा : आता मी बोलतो ते रागाने घेऊ नका. मूळची अंगकाठीच लहान असलेल्या लोकांना गोऱ्यांच्या फूटपट्टीने मोजले, तर ते खुजेच भरणार.

बाई : ही शंका मलाही होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली जी मोजपट्टी ठरविली, तिच्यासाठी मोजलेली मुले नॉर्वे आणि अमेरिकेतली होती, तशी ब्राझील, घाना, ओमानमधलीही होती, आणि दक्षिण दिल्लीतलीही होती. ज्यांना आईचे दूध, पोटभर अन्न आणि स्वच्छ पाणी मिळाले, अशी ती मुले; आणि ती सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढली. अंगकाठी रक्तात असते, हे खरे. पण पहिल्या पाच वर्षांत ती ताटातही असते.

अण्णा : मग ताटाकडेच येऊ. इंग्लंडात यॉर्क शहराची पाहणी करणाऱ्या राउंट्रीने 1901 साली दारिद्र्याचे दोन प्रकार सांगितले. एक, मिळकतच अपुरी असणारे. आणि दुसरे, मिळकत पुरेशी असून ती भलतीकडे जाणारे. आपल्याकडे हे दुसरे किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आई सुपासमोर पाठ मोडून घेते आणि बाप संध्याकाळी गुत्त्यात बसतो. त्या बापाला जाब न विचारता सरकारला विचारणे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे.

बाई : त्या बापाची वकिली मी करणार नाही, पगाराच्या दिवशी शाळेच्या दारात येऊन ‘बाई, पैसे तुमच्यापाशी ठेवा’ म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पण राउंट्रीचे पुस्तक तुम्ही मध्येच मिटले. पहिल्या प्रकारच्या दारिद्र्याचे सर्वांत मोठे कारण त्याला कोणते सापडले? कामावर असणाऱ्या माणसाची अपुरी मजुरी. दारू नव्हे, आळस नव्हे, मजुरी. आणि तो म्हणतो, मजुराच्या आयुष्यात दारिद्र्य तीनदा येते: स्वतःच्या बालपणी, स्वतःची मुले लहान असताना, आणि म्हातारपणी. म्हणजे पहिला फटका बसतो तो ज्याने अजून एक पैसा ना कमावला ना उधळला, त्याला. बाप दोषी ठरला तरी शिक्षा या चिन्नीने का भोगावी?

चिन्नीने आपले नाव ऐकून वर पाहिले आणि बशी पालथी करून तळाचा थेंब चाटला. अण्णांनी डबा उघडून आणखी एक खारी तिच्यापुढे धरली. वादात त्यांची भूमिका कोणतीही असो, हात स्वतंत्र बुद्धीचा आहे.

अण्णा : फुकट अन्नाने मनुष्याचा पुरुषार्थ जातो, हे माझे म्हणणे मी सोडणार नाही. सिद्धरामेश्वरांनी या गावाला तळे दिले ते वाटून नव्हे. माणसांना कुदळ हाती धरायला लावून. कायक आधी.

बाई : आणि कायकाच्या जोडीला दासोह आहे, ते का गाळता? श्रम करावेत आणि श्रमाचे फळ पंगतीत वाढावे, अशी ती जोडी आहे. आता या अक्काचे कायक मोजा. भांड्यांच्या कामाखेरीज ती विड्या वळते. टेंभुर्णीची पाने रात्री भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने एकेक कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन चिमूट-चिमूट भरायची, वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा; असे हजार वेळा केले की हजार विड्या. मजुरी हजारावर. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये माल तपासताना जी बाद ठरली ती छाट, तिचे दाम नाही. एवढ्या कायकानंतर चुलीपाशी बसायला तिच्यापाशी किती वेळ उरतो? अण्णासाहेब, त्या घरात धान्य नाही असे नव्हे. शिजवायला आणि भरवायला आईचा हात मोकळा नाही. सव्वातीन वर्षांच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. ते एका बैठकीत दिवसाचे जेवू शकत नाही. आई उठली की शंभर विड्या बुडतात. मग पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि चहा. ही भूक दुष्काळाची नाही, वेळेची आहे.

हा मुद्दा अण्णांना नवा होता, हे त्यांच्या गप्प राहण्यावरून मला कळले. ते गप्प राहिले म्हणजे उत्तर शोधायला नेहमी मंगळवेढ्याला जातात; तेथे त्यांनी उमेदीची वर्षे काढली आहेत.

अण्णा : दामाजीपंत बेदरच्या बादशहाचा अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे किल्ल्यापुढे तडफडू लागली, तेव्हा त्याने सरकारी कोठारे उघडली. गोष्ट तुम्ही मुलांना शिकविली असेल. पण तिचा शेवट लक्षात घ्या. प्रत्यक्ष पांडुरंगाला विठू महार होऊन बेदरला जावे लागले, धान्याची रक्कम खजिन्यात भरावी लागली आणि पावती घ्यावी लागली. देवालासुद्धा हिशेब चुकला नाही!

बाई : आणि गोष्टीचा क्रम? आधी कोठार उघडले, पावती मागाहून आली. आपण क्रम उलटा केला आहे. आधी पावती, मग दाणा. शिधापत्रिकेवर नाव चढले नाही, अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटला नाही, की दाणा थांबतो. आणि विडी वळणारीचा ठसा उमटेल कसा? तंबाखूने आणि दोऱ्याने बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात.

अण्णा : दामाजी हा आपद्धर्म आहे, बाई; राज्य त्यावर चालत नाही. प्रत्येक अंमलदार दामाजी होऊ लागला, तर चौथ्या महिन्यात कोठार रिकामे. म्हणूनच 1877 च्या त्या भयंकर दुष्काळानंतर, ज्यात आपला हा जिल्हा उजाड झाला, 1880 च्या आयोगाने दुष्काळाची संहिता आखली. साहेबांचे राज्य परके होते, त्यांच्या हेतूंविषयी मला काही बोलायचे नाही. पण टंचाई कधी ओळखावी, कामे कधी काढावीत, मजुराबरोबर आलेल्या लेकरांना काय द्यावे, हे त्यांनी लिहून ठेवले. अंमलदाराच्या काळजावर विसंबून राहिले नाहीत. त्याच मुळातून पुढे आपली रोजगार हमी उगवली. 1972 च्या दुष्काळात या जिल्ह्याची माणसे खडी फोडून जगली, ती त्या लिहिण्याच्या जोरावर.

बाई : आता तुम्ही माझ्या बाजूने बोलू लागलात.

अण्णा : ते कसे?

बाई : टंचाई ओळखायची म्हणून तुम्ही आणेवारी काढत होता. कशी काढत होता, ते या भाच्याला सांगा.

अण्णांचा चेहरा उजळला. गावात चालू वर्षी कसलेल्या शेतांतून काही शेते निवडायची, त्यांत दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून, वाळवून तोलायचे आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचे. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. पूर्वी रुपयाचे आणे होते म्हणून आणेवारी. पुढे पैसे आले तरी लोकांच्या तोंडी शब्द तोच राहिला. हे सारे त्यांनी इतक्या आस्थेने सांगितले, की त्या तुकड्यातली ज्वारी मला दिसू लागली.

बाई : आता ऐका. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले जेवण चालू ठेवावे. उत्तम. म्हणजे सांगोल्याचे पीक बुडाले तर सांगोल्याचे मूल मे महिन्यात जेवेल. पण पूर्व भागातल्या मुलाचे पीक कोणते? त्याच्या घरी शेत नाही, पर्जन्यमापक नाही, कापायला दहा मीटरांचा तुकडा नाही. माग बंद पडला, हजारामागचा दर पडला, आई आजारी पडली. हा त्याचा दुष्काळ, आणि तो जाहीर करणारा अंमलदार नाही. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान 200 दिवस भरावी. म्हणजे 165 दिवस शाळा बंद राहिली तरी कायदा मोडत नाही, आणि शाळा बंद म्हणजे पातेले बंद. सोमवारी खिचडीची दुसरी वाटी मागणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. रविवार किती लांब असतो, ते त्या वाटीवरून कळते.

अण्णा : असे श्रीमंत देशांत तरी कुठे चालते?

बाई : श्रीमंत देश फार शहाणे आहेत असे समजू नका. इंग्लंडने 1906 साली शाळेत जेवण देण्याचा कायदा केला, कारण बोअर युद्धासाठी आलेल्या तरुणांतले कितीतरी अशक्त निघाले. अमेरिकेने 1946 साली केला, त्यामागेही सैन्यभरतीचीच काळजी होती. आणि 2020 च्या उन्हाळ्यात त्याच इंग्लंडात सुट्टीतल्या जेवणासाठी मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने जाहीर पत्र लिहावे, तेव्हा सरकारने आपला निर्णय फिरवावा, अशी गत झाली. भुकेची सुट्टी तिकडेही कॅलेंडरात मावत नाही. वेगळेपण फिनलंडचे, 1948 पासून त्या देशात शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला जेवण आहे, गरिबीचा दाखला न मागता. तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता. युद्धातून पोळून निघालेला होता.

अण्णांनी पानाचा डबा पुढे ओढला. सुपारी कातरताना त्यांची युक्तीही कातरली जाते, असा माझा अनुभव आहे.

अण्णा : तुम्हाला मी एक आठवण करून देतो. शाळेत असताना तांदळाच्या वहीपायी तुम्ही याच ओसरीवर रडकुंडीला आला होता. आज किती मुले जेवली, शंभर ग्रॅमप्रमाणे किती तांदूळ गेला, पोते किती शिल्लक, डाळ किती, मीठ-मसाला किती. ‘मी शिकवू कधी?’ असे तुम्ही विचारले होते. आता तुम्हीच म्हणता सुट्टीतही जेवण द्या, तान्ह्यांनाही द्या, दाखला न मागता द्या. प्रत्येक हक्कामागे एक वही आहे, बाई, आणि प्रत्येक वहीमागे एक दमलेली बाई आहे. ती अंगणवाडी सेविका असेल, स्वयंपाकी असेल. तिचे मानधन किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका गरीब आईचा भार दुसऱ्या गरीब आईच्या डोक्यावर ठेवून तुम्ही त्याला हक्क म्हणता.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बाई : याला माझ्यापाशी उत्तर नाही. खरे आहे ते. वरून हक्क देणारा हातही थरथरतो. 2023 साली शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, आणि 2025 साली त्याचा निधी थांबविला. पण वहीचा मला जाच झाला तो तिच्यात तांदूळ होता आणि मूल नव्हते म्हणून. पोते किती ग्रॅमने घटले हे मी रोज लिहिले. पोर किती ग्रॅमने वाढले हे मला कोणी विचारले नाही. तुमच्या खात्याने शेताची आणेवारी काढली. लेकराची कोण काढतो?

असे म्हणून त्यांनी पिशवीतून एक अरुंद पट्टी काढली. निवृत्तीनंतरही त्या वस्तीत जाऊन सेविकांना हातभार लावतात, त्यामुळे ती त्यांच्याजवळ असते. लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग तिच्यावर होते. चिन्नीला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या डाव्या दंडाचा मध्य बोटाने धरला, पट्टी भोवती फिरवून खाचेतून ओढली आणि सैल न सोडता, आवळूही न देता, खिडकीतला आकडा अण्णांना दाखविला. बारा सेंटिमीटर. रंग पिवळा.

“प्रमाण किती?” अण्णांनी विचारले. तो प्रश्न आजोबांचा नव्हता, पीक-कापणीला उभ्या राहिलेल्या अंमलदाराचा होता.

“साडेबारा आणि वर हिरवा. साडेअकराच्या खाली लाल. ते तीव्र कुपोषित. ही मधली.”

अण्णांनी चष्मा काढून पट्टी स्वतःच्या अंगठ्याभोवती गुंडाळून पाहिली. तो दंड त्यांच्या अंगठ्याच्या दुपटीहूनही बारीक होता. रोजच्या खारीच्या डब्याकडे त्यांची नजर गेली आणि परत आली.

तेवढ्यात अक्का हात पुसत बाहेर आली. अंगणवाडीत तीन वर्षांवरच्या मुलांना शिजवलेले गरम जेवण मिळते, मग हिला का नेत नाहीस, असे अण्णांनी तिला काहीशा दटावणीच्या सुरात विचारले. ती संकोचून म्हणाली, “काय सांगू आजोबा, अंगणवाडीत सोडायची वेळ आन् ब्रँचात माल द्यायची वेळ एकच येते. माल उशिरा दिला तर घेत नाहीत. पहिले आहाराचं पाकीट मिळायचं हिच्या नावाचं, ते घरात सगळेच खायचे. आता ते पण बंद, तीन पुरी झाली म्हणून.”

“उद्यापासून हिला मी सोडीन,” अण्णा म्हणाले.

“हे दामाजीचे झाले,” बाई हळूच म्हणाल्या. “तिच्या गल्लीत आणखी आहेत.”

अण्णांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी मला आतून ताव आणायला सांगितला आणि गुडघ्यावर पाट ठेवून, अक्षरांना वेलांट्या देत, अर्ज लिहावयास घेतला. विषय : अंगणवाडीची वेळ ब्रँचच्या वेळेशी जुळवून मिळणेबाबत. कारणाच्या ओळीवर येऊन लेखणी थोडी थांबली, आणि मग अनेक वर्षांच्या सवयीने त्यांनी एकच शब्द लिहिला : टंचाई.

बाईंनी तो वाचला. “टंचाई जाहीर करायला निदान गाव लागते, अण्णासाहेब. एका लेकरावर होत नाही.”

“ठाऊक आहे,” अण्णा म्हणाले. “म्हणून गल्ली मोजायची. ती पट्टी इकडे द्या, आणि कुठे धरायची ते मला पुन्हा एकदा दाखवा.”